सव्वा मिलिमीटरची मेहेरबानी

मी एक शिम बोलतेय. ओळखलं नाहीत ना? वाईट वाटून घेऊ नका. मला कोणी न ओळखणं हाच माझ्या नोकरीतला मुख्य भाग आहे. तुमच्या घरी टेबल डगमगलं की तुम्ही त्याच्या पायाखाली कागदाची घडी सरकवता आणि पुन्हा तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. त्या घडीची मी पत्र्यातली चुलत बहीण. दोन बोटांएवढी लांब, सव्वा मिलिमीटर जाड, आणि बोल्ट शिरावा म्हणून मध्ये एक खाच. कारखान्यातले जुने लोक मला पॅकिंग म्हणतात, शिकलेले लोक शिम म्हणतात, आणि साहेब लोक माझं नावच काढत नाहीत, कारण त्यांच्या ड्रॉइंगमध्ये मी नसते.

ड्रॉइंगमध्ये सगळं कसं गुण्यागोविंदाने नांदत असतं. काटकोन जिथल्या तिथे, भोकासमोर भोक, दार लावलं की लागलंच. पत्र्याला बिचाऱ्याला ड्रॉइंग वाचता येत नाही. त्याला यंत्रात घालून वाकवलं की तो वाकतो, दाब सुटला की थोडा मागे येतो. आज जरा जास्त, उद्या जरा कमी. वेल्डिंगची धग लागली की अंग आखडून घेतो. मी त्याच रक्ताची, म्हणून मला माहीत. पण डिझाइनच्या खोलीत असलं काही बोललं की लोकांना ते अपशकुनासारखं वाटतं.

आमचा कारखाना दवाखान्यांसाठी थंड कपाटं बनवतो. लशी आणि औषधं ठेवायची, पत्र्याची, माणसाच्या उंचीची. अशा कपाटात सगळा जीव दारात असतो. दाराच्या कडेने रबर असतं, ते चौकटीवर चहूबाजूंनी दाबून बसलं तर आतला थंडावा आत राहतो. एका कोपऱ्यात जरी फट राहिली तरी औषध हळूहळू नासतं, आणि नासलेलं औषध बाहेरून अगदी चांगल्यासारखंच दिसतं. म्हणजे फट कारखान्यात राहते आणि भोगतो तो दवाखान्यातला माणूस, ज्याचा तुमच्या दाराशी काही संबंध नाही.

माझ्या जन्माची गोष्ट सांगायची तर आधी दोन माणसांची ओळख करून द्यावी लागेल. पहिले नाना. नमुना जोडणारे फिटर. नवं कपाट काढायचं ठरलं की पहिला एक नमुना हाताने जोडतात, तो तीस वर्षं नानाच जोडत आले. फटीवरून नख फिरवून ते सांगायचे, "इथे पाव मिलिमीटर जास्त आहे," आणि मोजून बघितलं तर पावच निघायचं. कारखान्यात कुठे काही अडलं की लोक म्हणायचे, नानांचा हात लागू दे. नानांनाही ते ऐकायला आवडायचं. कोणाला आवडणार नाही?

दुसरी त्यांची सून. डिझाइनच्या खोलीत नवीन लागली होती. नाना तिला सूनबाई म्हणायचे, म्हणून मीही म्हणते. सासरा खालच्या शेडमध्ये, सून वरच्या मजल्यावर, आणि घरी दोघांच्या मध्ये सासूबाईंचा कायदा: उंबऱ्याच्या आत कारखान्याचा शब्द काढायचा नाही. तीस वर्षं नवऱ्याकडून पत्र्याच्या गोष्टी ऐकून त्यांचे कान किटले होते, आता सुनेकडूनही तेच ऐकायची त्यांची तयारी नव्हती. त्यामुळे एकाच ताटलीतून लोणी घेणारी ही दोन माणसं एकाच कपाटावर काम करत होती, आणि त्याबद्दल एकमेकांशी चकार शब्द बोलत नव्हती. घरात शांतता नांदत होती. शांततेची किंमत पुढे कळली.

नव्या कपाटाचं पहिलं ड्रॉइंग सूनबाईच्या वाट्याला आलं. तिने ते साहेबांनी आखून दिलेल्या पद्धतीने काढलं, सही केली, आणि मग एक आगाऊपणा केला. गणित मांडलं. पत्रा कापायच्या आधी गणित मांडणारी माणसं साहेबांना आवडत नाहीत, कारण त्या वेळी चूक दुरुस्त करायला नुसतं खोडरबर पुरतं आणि मग कोणाला धावपळ करून दाखवता येत नाही.

"साहेब, चौकट चार तुकड्यांची आहे," ती बैठकीत म्हणाली. "प्रत्येक तुकड्याला आपण अर्ध्या मिलिमीटरची सूट दिलीय, म्हणजे तेवढं कमीजास्त झालं तरी चालतं. बिजागऱ्या एका तुकड्यावर, रबर टेकतं दुसऱ्यावर. चारही सुटी एकाच बाजूला झुकल्या तर वरच्या कोपऱ्यात दोन मिलिमीटरची फट पडेल."

"सगळ्या एकाच बाजूला कशाला झुकतील?" मोठे साहेब म्हणाले. मोठे साहेब म्हणजे डिझाइनचे प्रमुख. त्यांचा पत्र्याच्या चांगुलपणावर फार विश्वास.

"सगळ्या नाही झुकल्या तरी दीड होईल. रबर एकच मिलिमीटर दाबलं जातं."

"मग तुमचं म्हणणं काय?"

"चौकटीची पुढची बाजू सबंध एका पत्र्यातून कापू. बिजागऱ्यांची भोकं आणि रबर टेकायची कड, दोन्ही त्याच पत्र्यावर. मग मागचे तुकडे थोडे इकडेतिकडे झाले तरी दाराला त्याचं काही नाही. आणि मागचे तुकडे जोडताना एक भोक गोल ठेवू, दुसरं लांबट. म्हणजे पत्रा ओढूनताणून बसवावा लागणार नाही, त्याला हवं तेवढं सरकता येईल."

"आणि मधला एवढा पत्रा वाया?"

"त्यातून आतल्या फळ्या निघतात. मोजलंय मी."

मोजलंय म्हटल्यावर साहेबांना राग आला. "मॅडम, पंचवीस वर्षं मी हे काम करतोय. माझा नमुना बसला नाही, असं एकदाही झालेलं नाही. आपण असं करू. आहे या ड्रॉइंगवर नमुना जोडू. बसला तर त्यावरच साचे टाकायचे. नाही बसला तर तुमचं म्हणणं मान्य."

पत्रा कापायचे साचे पोलादाचे असतात. एकदा बनले की पुढची दहा वर्षं तोच पत्रा, तीच भोकं. माणसाचं मत एक वेळ बदलेल, साच्याचं बदलत नाही. हे सूनबाईला चांगलं ठाऊक होतं. पण अट सरळ होती आणि तिला तिच्या गणिताची खात्री होती, म्हणून तिने हो म्हटलं.

ही अट सगळ्या कारखान्याला माहीत झाली, फक्त एका माणसाला सोडून. नानांकडे आलं ते नुसतं ड्रॉइंग आणि एक चिठ्ठी: नमुना शुक्रवारपर्यंत हवा. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात सुनेची सही होती. नानांनी चष्मा पुसून ती दोनदा वाचली आणि कामाला लागले.

गुरुवारी दुपारी दार चढलं. नानांनी कागदाची पट्टी रबरात धरून दार लावलं आणि पट्टी ओढून पाहिली. खाली घट्ट, बाजूला घट्ट, वरच्या कोपऱ्यात पट्टी अलगद निघून हातात आली. नख फिरवलं. दीड मिलिमीटर. सूनबाईच्या गणिताने जे सांगितलं होतं ते तंतोतंत समोर उभं होतं, नुसतं तिला हाक मारायची होती. नानांनी इकडेतिकडे पाहिलं. सगळे चहाला गेले होते.

"पोरीचं पहिलंच काम आहे," ते स्वतःशीच म्हणाले.

आणि मी जन्मले. त्याच कपाटाच्या उरलेल्या पत्र्यातून त्यांनी मला कातरलं, कानशीने कडा घासल्या, खाच पाडली आणि खालच्या बिजागरीचा बोल्ट सैल करून मला मागे सारलं. खालून दार बाहेर रेटलं की वरचा समोरचा कोपरा आपोआप आत जातो. भूमिती आहे ती. लोक भूमितीला भितात, मी तिला गप्प बसवते. माझी उघडी कड नानांनी रंगाने झाकली, वर बिजागरीचं झाकण बसवलं, आणि पट्टी पुन्हा ओढून पाहिली. चहूबाजूंनी घट्ट. नाना समाधानाने हसले. त्यांना वाटलं, सुनेची लाज राखली.

शुक्रवारी साहेब आले, सोबत सगळी डिझाइनची खोली. साहेबांनी पट्टी लावून ओढली. वरच्या कोपऱ्यात जरा जास्तच जोर लावून ओढली. पट्टी जागची हलली नाही.

"तुमचे दोन मिलिमीटर कुठे गेले, मॅडम? रजेवर आहेत का?"

सगळे हसले. साहेबांच्या विनोदाला हसायला वेळ लावला तर बढती लांबते. सूनबाई हसली नाही. मागे भिंतीशी नाना उभे होते, छाती फुगवून, सून आपल्याकडे कृतज्ञतेने बघेल म्हणून वाट पाहत. ती त्यांच्याकडे न बघता वर निघून गेली. आणि मी? खरं सांगते, मला भारी वाटत होतं. एवढ्या शिकलेल्या माणसांना गप्प करणारी मी एवढीशी.

कपाटावर "मंजूर नमुना" अशी चिठ्ठी चिकटली, तिच्यावर साहेबांची सही झाली, आणि ते काचेच्या खोलीत जाऊन उभं राहिलं. तिथे गेल्या कित्येक वर्षांचे मंजूर नमुने रांगेत उभे आहेत. त्यांना पान्हा लावायची कोणालाही परवानगी नाही. साचे पुढच्या शुक्रवारी टाकायचे ठरले.

त्या आठवड्यात सूनबाई रोज दुपारच्या सुट्टीत काचेच्या खोलीत यायची. दार उघडायची, लावायची, पट्ट्या घालायची, कोपरे मोजायची, वहीत लिहायची, खोडायची. मी तिच्या बोटांपासून वीतभर अंतरावर होते. चौथ्या दिवशी नाना आत आले. खोलीत दुसरं कोणी नव्हतं.

"जेवली नाहीस?"

"भूक नाही, बाबा."

"घरीही जेवत नाहीस नीट. झालंय काय? नमुना तर उत्तम बसला."

"तेच तर झालंय." तिने वही त्यांच्यापुढे धरली. "हे बघा. माझं गणित सांगतं की हे दार बसायला नको. आणि ते बसलंय. चार दिवस मी रोज नव्याने मांडतेय, कुठे चुकले ते सापडावं म्हणून. सापडत नाही. म्हणजे मला हे काम येतच नाही."

"अगं, बसलं ना, मग सोड."

"बसलं म्हणून साचे पडणार आहेत, बाबा. तसं ठरलं होतं. बसलं नसतं तर माझं म्हणणं मान्य होणार होतं. मला ते बसायलाच नको होतं."

नाना तिथल्या स्टुलावर बसले. मी आयुष्यात बरीच ओझी सहन केलीत, पण त्या दोन मिनिटांइतकं दडपण मला कधी आलं नाही. शेवटी त्यांनी खालच्या बिजागरीकडे बोट दाखवलं आणि काय केलं ते सांगितलं. अगदी हळू, डोळे खाली घालून.

कथाकीर्तनातली सून असती तर पाया पडली असती. ही चिडली.

"तुम्ही मला विचारलं का नाही?"

"तुझी फजिती होईल वाटलं."

"माझी फजिती तुम्ही केलीत. आधी चूक लपवलीत, आणि चूक बरोबर ओळखल्याबद्दल मलाच खोटं पाडलंत. घरी बोलायचं नाही, इथे बोलायचं नाही, मग बोलायचं कुठे आपण?"

दोन महिन्यांनी नाना निवृत्त होणार होते. निरोपाच्या भाषणात "नानांचा हात" हे शब्द कितीदा येणार, याचा अंदाज त्यांनीही मनातल्या मनात केला असणार. कबूल करायचं म्हणजे त्या हाताची चौकशी लावून घ्यायची. आणि गप्प बसायचं म्हणजे सुनेला जन्मभर स्वतःच्या गणितावर संशय घ्यायला लावायचं, आणि दहा वर्षं फटीची दारं दवाखान्यांत पाठवायची. त्यांनी एवढंच म्हटलं, "तू जेवून घे."

गुरुवारी सकाळी, साच्यांच्या कागदावर सही व्हायच्या आधी, नानांनी साहेबांना काचेच्या खोलीत बोलावलं. साहेब सगळा लवाजमा घेऊन आले. नानांच्या हातात पान्हा होता.

"नाना, मंजूर नमुन्याला पान्हा लावत नाहीत."

"माहीत आहे, साहेब. लावला तर चौकशी होते. करा चौकशी. आधी हे बघा."

त्यांनी बोल्ट सैल केला आणि मला बाहेर काढून टेबलावर ठेवलं. सात दिवसांनी उजेड पाहिला. मग दार लावून वरच्या कोपऱ्यात पट्टी घातली. ओढायचीही गरज पडली नाही, ती आपली आपण सुटून जमिनीवर पडली. या वेळी कोणी हसलं नाही.

"हे का केलंत तुम्ही?" साहेबांचा आवाज चढला होता.

"सून आहे माझी. तिच्यावर आच येईल वाटलं. तिचं म्हणणं खरं होतं, साहेब. माझ्यामुळे खोटं दिसलं."

साहेबांनी रांगेतल्या बाकीच्या कपाटांवरून नजर फिरवली. "आणि यांच्यात? यांच्यातही आहेत?"

"कोणत्यात नाहीत ते विचारा, म्हणजे लवकर सांगून होईल."

साहेब मंजूर नमुन्यांकडे पाहत राहिले. खाली शेडमध्ये रोज शंभर माणसं हातोडे मारून दारं बसवतात, आणि साहेब दर महिन्याला त्यांना विचारतात की नमुना बसतो, मग तुमचीच दारं का बसत नाहीत. त्या प्रश्नाचं उत्तर आता टेबलावर पडलं होतं, दोन बोटांएवढं.

साचे थांबले. चौकशीचा कागद निघाला आणि नानांच्या तीस वर्षांच्या कागदांवर तो पहिला लाल शेरा ठरला. सूनबाईचं ड्रॉइंग आलं: पुढची बाजू एका पत्र्याची, मागे एक भोक गोल, एक लांबट. नवा नमुना कोणी जोडायचा, यावर तिने एकच अट घातली. चांगल्या फिटरने जोडायचा नाही. चांगला फिटर काहीही बसवतो, त्यावरून ड्रॉइंग चांगलं की वाईट ते कळत नाही. शोधाशोध करून स्टोअरचे कारकून भाऊसाहेब निवडले गेले. त्यांनी घरी एकदा घड्याळासाठी खिळा ठोकताना शेजाऱ्यांच्या भिंतीचं प्लास्टर पाडलं होतं. यापेक्षा योग्य माणूस मिळणं कठीण.

भाऊसाहेबांनी घाम पुसत, बोल्ट पाडत, चारदा "हे उजवं की डावं" विचारत ते कपाट जोडलं. नानांना लांब उभं केलं होतं आणि दोन्ही हात खिशात ठेवायला सांगितलं होतं. त्यांचे खांदे मधूनमधून हलत होते. भाऊसाहेब बोल्ट आवळायचे तेव्हा नानांची बोटं खिशातल्या खिशात आवळत होती.

साहेबांनी वरच्या कोपऱ्यात पट्टी घातली आणि ओढली. सुटली नाही. दोन्ही हातांनी ओढली. पट्टी फाटली, निम्मी हातात आली, निम्मी दारात राहिली.

"बसलं," साहेब म्हणाले.

सगळे सूनबाईभोवती जमले. नाना हात धुवायला गेले. हात मळलेले नव्हते. त्यांना वाईट वाटलं होतं आणि त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. तीस वर्षं जो हात लागल्याशिवाय दार बसत नव्हतं, त्या हाताशिवाय, भाऊसाहेबांकडून, दार बसलं होतं. मला तर त्याहून वाईट वाटलं. त्यांना निदान पेन्शन मिळणार होतं.

दुसऱ्या दिवशी सूनबाईने त्यांना वर डिझाइनच्या खोलीत बोलावून घेतलं. नाना त्या खोलीत तीस वर्षांत कधी बसले नव्हते. खुर्चीच्या अगदी कडेला टेकले. तिने कोरी वही उघडली.

"बाबा, आजवर जिथे जिथे शिम लावलीत, ते सगळं सांगा. कोणतं कपाट, कोणती बाजू, किती जाड. त्या त्या जागी ड्रॉइंग चुकतं. पुढचं कपाट काढताना मला ते आधी माहीत हवं."

"एवढं कुठे आठवतंय?" नाना म्हणाले, आणि मग त्यांना सगळं आठवलं. एकेक कपाट, एकेक कोपरा, पाव, अर्धा, पाऊण. मला तिने आपल्या पेनांच्या डबीत ठेवलं होतं, तिथे पडून मी ऐकत होते. एवढ्या बहिणी मला आहेत, याची मला कल्पना नव्हती. तिसऱ्या दिवशी ते उलटे उलटे जात सुरुवातीपर्यंत पोचले.

"आणि सगळ्यात पहिली?" तिने विचारलं.

"दोन दारांचं उभं कपाट होतं. डिझाइनला एक नवीन मुलगा आला होता. तीन महिन्यांची नेमणूक. नमुना बसला नाही तर घरी पाठवणार होते त्याला. मी पॅकिंग टाकलं. त्याला कायम केलं. मग सवयच लागली मला."

सूनबाईचं पेन थांबलं. नानांची पाठ दाराकडे होती. तिला दिसत होतं ते त्यांना दिसत नव्हतं. दारात मोठे साहेब चहाचा कप घेऊन उभे होते.

"लिहा," साहेब म्हणाले. "डावं दार, वरची बिजागरी. काल मीच उघडून पाहिली. ड्रॉइंग माझंच होतं."

नाना गडबडीने उठायला लागले. साहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना बसवलं आणि स्वतः शेजारची खुर्ची ओढली. "पंचवीस वर्षं मला वाटत होतं, ते माझं माझंच बसलं."

"तेव्हाच सांगायला हवं होतं मी," नाना म्हणाले. "तेव्हाच शिकला असतात."

साहेबांनी चहा तसाच ठेवला. सूनबाईने ओळ लिहून घेतली, साहेबांनी त्या शिमचं माप सांगितलं, नानांनी ते पाव मिलिमीटरने दुरुस्त केलं.

मी अजून त्याच डबीत आहे, पेनांच्या तळाशी. रंग उडालाय, खाचेच्या कडेला गंज धरलाय. नव्या कपाटांची दारं माझ्याशिवाय लागतात, म्हणजे मी बेकार झाले. माझी एवढीच विनवणी आहे. कोणाची फजिती वाचवावीशी वाटली, तर त्याला खुशाल हाक मारा आणि फट दाखवा. मला हाक मारू नका. मी येईन, नाही म्हणणं माझ्या स्वभावात नाही, आणि मी आले की सगळं छान बसल्यासारखं दिसेल.